साठावा गोळा

"यातून जाता येईल का तुम्हाला?" देवस्थळी साहेबांनी विचारलं.

टेबलावर माझ्या गुणपत्रिका पसरलेल्या होत्या. त्यांच्यावर त्यांनी एक काळपट, लंबगोल कडं ठेवलं. जाड पुठ्ठ्यासारखं, बोटभर रुंदीचं. बॉयलरच्या ड्रमचं झाकण बसवताना मध्ये घालतात ते गॅस्केट. सोळा इंच लांब, बारा इंच रुंद.

मी तीन दिवस थर्मोडायनॅमिक्सची उजळणी करून आले होते. कार्नो सायकल विचारतील, एन्ट्रॉपी विचारतील. मला वाटलं आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

"यातून म्हणजे?"

"म्हणजे अंग यातून बाहेर निघेल का?" साहेब जरा ओशाळले. "तुम्हाला चालणार नसेल तर राहू द्या. पण काम तेच आहे, म्हणून आधीच विचारलेलं बरं."

भिंतीला टेकून एक पन्नाशीचा माणूस उभा होता. खाकी कपडे, जाड मिशा, पोट जरा सुटलेलं. साहेबांनी ओळख करून दिली. "हे आण्णाप्पा मगदूम. आमचे बॉयलरचे मिस्त्री. सव्वीस वर्षं झाली त्यांना."

"आधी दोनी हात वर करून घाला मॅडम," मगदूम मिस्त्री म्हणाले. "मग डोकं. मग खांदा तिरका."

मी ओढणी खुर्चीवर ठेवली आणि हात वर केले. गॅस्केट डोक्यावरून, खांद्यांवरून, कमरेवरून सरकत खाली आलं आणि पायांशी पडलं. कुठेही अडलं नाही. साहेब हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी वाकून गॅस्केट उचललं, त्याला लागलेली धूळ हाताने झटकली आणि म्हणाले, "चालतंय."

"सोमवारपासून या," साहेब म्हणाले.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मी, हर्षदा वाघचौरे, सांगलीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. वर्गात साठ मुलं आणि आम्ही दोघी. उन्हाळ्यानंतर सहा आठवडे एखाद्या कारखान्यात काढायचे, असा कॉलेजचा नियम होता. मुलांना जागा मिळत गेल्या. मला चार ठिकाणांहून एकच उत्तर आलं होतं, शॉपवर मुलींची सोय नाही. माझे वडील संगमनेरला शिक्षक होते. मुलीला मेकॅनिकलला घातलं म्हणून काका त्यांच्याशी वर्षभर बोलत नव्हते. त्यामुळे कृष्णाकाठच्या त्या कागद कारखान्यात जेव्हा अंगाच्या मापावर का होईना मला घेतलं, तेव्हा मी घरी फक्त एवढंच कळवलं की इंटरव्ह्यू चांगला झाला.

पहिले तीन आठवडे मी ऑफिसात बसून वाफेच्या पाइपांचे नकाशे काढले. मग वार्षिक दुरुस्तीसाठी कारखाना बंद झाला, बॉयलर थंड झाला, आणि मिस्त्री मला घेऊन त्याच्यापाशी आले.

बॉयलर म्हणजे तीन मजली लोखंडी घरच. त्यात वर एक आडवा ड्रम, खाली एक आडवा ड्रम, आणि दोघांना जोडणाऱ्या तीनशे उभ्या नळ्या. तीस ओळी, एकेका ओळीत दहा. वर्षभरात नळ्यांना आतून क्षार धरतो. तो यंत्राने खरवडून काढतात. सगळ्या नळ्या मोकळ्या झाल्या की नाही हे बघायची तऱ्हा जुनी होती. वरच्या ड्रममध्ये बसलेल्याने प्रत्येक नळीत लिंबाएवढा लाकडी गोळा सोडायचा. खालच्या ड्रममध्ये पडून राहिलेल्याने तो आला की ओरडून सांगायचं.

"आन न्हाई आला तर?" मी विचारलं. तीन आठवड्यांत मी त्यांच्यासारखं बोलायला लागले होते.

"तर नळी बंद. पाणी फिरत न्हाई. भायेरनं जाळ. मग नळी लाल हुती, मऊ पडती आन फुटती." त्यांनी भट्टीपुढच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. तिथे एरवी कोळसा टाकणारे पाच-सहा जण असायचे. "तवा हितं जो कोण उभा असंल..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"पूर्वी खाली कोण जायचं?"

"मीच. आता पोट आडवं येतंय." त्यांनी पोटावर थाप मारली. "तीन वर्सं झाली. वरच्या ड्रमचं तोंड मोठं हाय, तितं जातो. खाली साहेब कंत्राटी पोरं आणायचे. निम्म्यातनं पळून यायची. म्हणून साहेब म्हणाले, औंदा शिकलेलं कुणीतरी बघू. बारीक आन शिकलेलं."

त्या दिवशी सकाळी खालच्या ड्रमपाशी दहा-बारा माणसं उगाचच येऊन उभी होती. फिटर होते, वेल्डर होते, स्टोअरचा क्लार्कसुद्धा होता. बाई आत चाललीय हे बघायला. सिद्राम नावाचा एक वयस्क कामगार तोंडापाशी बसणार होता, दिव्याची वायर सांभाळायला आणि गोळ्यांची पिशवी वर पोचवायला. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आजवर बाप्यांची टरकली इथं."

मी हात वर केले आणि आत शिरले.

मला कोंडल्याची भीती आहे हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. कळायला तसा प्रसंगच आला नव्हता. ड्रम अडीच फूट व्यासाचा आणि पंधरा फूट लांब. दुसऱ्या टोकाला तोंड नाही. उठून बसता येत नाही, कुशीवर वळलं की गुडघे लोखंडाला लागतात. मी उताणी सरकत होते. नाकापासून हातभर अंतरावर नळ्यांची भोकं, ओळीने, दिव्याच्या उजेडात काळी दिसणारी. गंजाचा आणि ओल्या चुन्याचा वास.

"ऐकू येतंय का?" मिस्त्रींचा आवाज सगळ्या भोकांतून एकदम आला. मी दचकले.

"येतंय!"

"पयली ओळ, पयली नळी!"

वर कुठेतरी खडखड झाली, ती उतरत आली, आणि एक गोळा माझ्या कानाशेजारी टक्कन पडला.

"आला!"

"दुसरी!"

"आला!"

सहा ओळी झाल्या की साठ गोळे व्हायचे. मी ते मोजून पिशवीत भरायचे, सिद्राम पिशवी दोरीने बाहेर ओढून वर न्यायचा, की पुढच्या सहा ओळी. पहिले साठ झाले. दुसरे साठ झाले. प्रत्येक ओळीबरोबर मी तोंडापासून सहा-सात बोटं लांब जात होते. पंधराव्या ओळीला वाटलं छातीवर कोणीतरी बसलंय. अठराव्या ओळीला मी वडिलांनी शिकवलेले पाढे म्हणायला लागले, मनातल्या मनात, मधूनच आला म्हणून ओरडत. चोवीस ओळी संपल्या तेव्हा माझा बॉयलर सूट घामाने चिकटला होता आणि मागे वळून पाहिलं तर ड्रमचं तोंड वाटीएवढं दिसत होतं.

शेवटच्या सहा ओळी उरल्या होत्या. पिशवी वर गेली.

काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी पंचविसाव्या ओळीखाली जायला पाय टेकवला आणि अंग पुढे जाण्याऐवजी मागे आलं. मी कोपरांनी, टाचांनी, मिळेल त्याने मागे सरकत सुटले ती थेट तोंडापाशी आले आणि पाय बाहेर निघाले.

"काय झालं ओ?" सिद्रामने विचारलं. त्याच्या मागे अजूनही चार-पाच जण होते.

"काही नाही," मी म्हटलं. "वायर अडकली होती."

"पंचविसावी ओळ, पयली!" मिस्त्रींचा आवाज आला.

खूप लांब, टोकाला, टक्कन आवाज झाला.

मी पाय आत ओढले, पण तोंडाशीच पडून राहिले, बाहेरून अंधारात दिसणार नाही इतपतच आत. बाहेरची हवा अंगावर येत होती. "आला!" मी ओरडले.

नळ्यांतून आवाज सगळीकडून सारखाच जातो. मी कुठे आहे हे वर कळायची सोय नव्हती. मिस्त्री एकेक नळीचा नंबर सांगत राहिले आणि मी लांबून पडणारे गोळे ऐकत आला, आला म्हणत राहिले. मध्ये एकदा सिद्राम बाजूच्या कोणाशी तरी बोलला आणि मला आवाज आला की नाही ते कळलं नाही. मी आला म्हटलं.

साठ नळ्या झाल्या. मग मी सिद्रामला न कळेल अशी जरा आत सरकले, क्षार ओढायची लांब दांड्याची खुरपणी घेतली आणि हात पुरेल तितका लांबवून गोळे ओढून घेतले. टोकापर्यंत मी गेले नाही. खुरपणी टोकाला लागली तेव्हा नुसता लोखंडाचा आवाज झाला. गोळे मोजले. एकोणसाठ. पुन्हा मोजले. एकोणसाठ.

"साठ?" वरून मिस्त्रींनी विचारलं.

बाहेर माणसं उभी होती. "साठ," मी म्हटलं.

मी बाहेर आले तेव्हा वेल्डरने टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. सिद्रामने मला पाण्याचा तांब्या दिला. "मानलं बाई तुला," तो म्हणाला. देवस्थळी साहेब जनरल मॅनेजरांना घेऊन आले होते. "मी म्हटलं नव्हतं सर?" ते त्यांना म्हणाले. "चार कंपन्यांनी नाकारलेली मुलगी आहे ही."

मिस्त्री जिन्यावरून खाली आले. पिशवीची गाठ त्यांनी सोडलीसुद्धा नाही, तशीच खुंटीला अडकवली. चाचणीचा कागद पत्र्यावर ठेवून त्यांनी सावकाश सही केली, एकेक अक्षर गिरवल्यासारखं. मगदूम आ. बा. खाली ठसठशीत लिहिलं होतं, तीनशे नळ्या मोकळ्या.

"तीन वर्सांनी मनासारखं झालं," ते म्हणाले. "मागली पोरं आत काय बघत हुती, देव जाणे."

त्या संध्याकाळी कँटीनमध्ये भट्टीवरचा एक कामगार मुद्दाम माझ्या टेबलाशी आला. मला भजी खायला घालायची म्हणून अडून बसला. त्याची मुलगी सातवीत होती, तिलाही इंजिनिअर करायचं होतं. कुठल्या विषयात किती मार्क लागतात हे त्याने मला विचारलं. मी सांगितलं. भजी मी तशीच कागदात गुंडाळून घेतली.

दुसऱ्या दिवशी झाकण बंद होणार होतं. तिसऱ्या दिवशी बॉयलर पाण्याने भरून सरकारी निरीक्षकासमोर दाबाची चाचणी. त्या चाचणीत गळती कळते. नळीत अडकलेला गोळा कळत नाही. नंतर भट्टी पेटणार.

सकाळी सातला मी पोचले तेव्हा मिस्त्री खालच्या ड्रमच्या तोंडापाशी उकिडवे बसून काठ घासत होते. नवं गॅस्केट शेजारी ठेवलेलं होतं. सिद्राम पलीकडे बोल्टांना ग्रीस लावत होता.

"मिस्त्री," मी म्हटलं, "काल एकोणसाठ होते."

ते घासतच राहिले. "काय?"

"गोळे. शेवटचे. साठ नव्हते. मी शेवटच्या सहा ओळींना आत नव्हतेच. इथे तोंडाशी होते. इथूनच आला म्हणत होते."

त्यांचा हात थांबला. ते माझ्याकडे बघत नव्हते. मग उठले, भिंतीपाशी गेले, पिशवी काढली आणि जमिनीवर रिकामी केली. बसून एकेक गोळा बाजूला करत मोजले. पिशवीत काल शेवटी मी भरले होते तेच होते. एकोणसाठ.

"मी सही केली न्हवं," ते म्हणाले.

"हो."

"सव्वीस वर्सांत खोट्या कागदावर सही न्हाई माझी. मोजाय पायजे हुतं मी. तुज्यावर टाकून मोकळा झालो." मग एकदम आवाज चढला. "काल का न्हाई बोललीस? तोंड न्हवतं?"

"सगळे बाहेर उभे होते."

"मग? ते काय खाणार हुते तुला?"

सिद्राम ग्रीसचा डबा हातात घेऊन तसाच उभा होता.

"कुणाचा जीव गेला असता," मिस्त्री म्हणाले. आता आवाज उतरला होता. "जा. आत जा आन बघ. झाकण अजून उघडं हाय."

"मला जमत नाही आत."

"मग कोण जाणार? मी मावत न्हाई."

"तुम्ही वरून बोलत राहा," मी म्हटलं. "नुसते नंबर नको. काहीतरी बोलत राहा."

ते माझ्याकडे रागाने बघत राहिले, मग गोळे पिशवीत भरले, वर दोन जास्तीचे टाकले आणि जिना चढून गेले.

मी दुसऱ्यांदा आत शिरले. या वेळी बघायला कोणी नव्हतं, आणि तरी पहिल्यापेक्षा वाईट होतं, कारण आत काय वाटतं ते आता ठाऊक होतं. मिस्त्री बोलत होते. त्यांना काय बोलावं ते सुचत नसावं. शिरोळच्या त्यांच्या घरामागच्या कडुनिंबाबद्दल बोलले, मग म्हशीबद्दल. अजून रागावलेलेच होते, म्हशीबद्दलही रागावूनच बोलत होते. मी त्या आवाजाला धरून सरकत गेले.

"पंचविसावी, पयली!"

"आला!"

सव्वीस झाली. सत्तावीस झाली. मी टोकाच्या जवळ होते. डोकं पलीकडच्या लोखंडाला लागायला दोन हात राहिले होते.

"अठ्ठाविसावी, पाचवी!"

वर खडखड झाली. उतरत आली. आणि थांबली.

"आला का?"

मी दिवा भोकापाशी नेला. हात आत घालून पाहिला. "नाही."

"खरं सांग."

"नाही आला. इथेच आहे ती."

"बरं," ते म्हणाले. तेवढंच. मग जरा वेळाने, "बरं झालं. आता ऱ्हायलेल्या पुऱ्या कर."

पुढच्या नळीकडे सरकताना दिवा माझ्या कोपराखाली आला, लोखंडावर आपटला आणि विझला.

अंधार झाला. तोंडाकडचा उजेड होता, पण तो माझ्या पायांच्या पलीकडे, कुठेतरी लांब होता. मी ओरडले नाही. ओरडता येत नव्हतं. हात छातीशी आवळले गेले आणि उघडेनात. गुडघे वर टेकले आणि खाली येईनात. माझाच श्वास चारी बाजूंनी माझ्या अंगावर येत होता.

"सहावी! ... सहावी सोडली, आला का?"

गोळा माझ्या कानाशेजारी टक्कन पडला.

"पोरी, बोल. बोल की गं."

बोलता येत नव्हतं. वर काहीतरी धडपडलं. मग वरचा आवाज बंद झाला. ते गेले, असं मला वाटलं. किती वेळ गेला ते माहीत नाही. एक मिनिट असेल, पाच असतील. मग पायांकडे खरखर झाली आणि होता तेवढा उजेडही गेला. तोंडातून काहीतरी आत येत होतं. हात, मग डोकं, मग खांदे. एक मोठा हुंकार, आणि अख्खा माणूस आत आला. उजेड परत दिसला, त्याच्या मागून.

कोणीतरी माझा घोटा धरला.

"मी हाय," मगदूम मिस्त्री म्हणाले.

त्यांचा हात ओला होता आणि पकड घोटा दुखेल इतकी घट्ट होती. त्यांना धाप लागली होती. चढून उतरल्याची नव्हे, वेगळीच.

बऱ्याच वेळाने मला आवाज फुटला. "तुम्ही मावता?"

"गप ऱ्हा. श्वास घे. मलाबी घिऊ दे."

आम्ही दोघं तसेच पडून राहिलो. त्यांचा श्वास आणि माझा, दोन्ही लोखंडावर आपटत होते. मग ते हळू आवाजात बोलायला लागले, माझ्याशी की स्वतःशी ते कळत नव्हतं.

"चार वर्सांमागं मी हितं टोकाला हुतो. भायेरचा माणूस नवा. काम झालं समजून त्यानं झाकण लोटलं, बोल्ट आवळला आन जेवाय गेला. सव्वा तास. हातोडी ठोकून ठोकून हात सुजला. कुणाला सांगितलं न्हाई. बायकोलाबी न्हाई. पुढल्या साली साहेबाला म्हटलं, पोट वाढलंय, मावत न्हाई." ते थांबले. "पोट हाय तेवढंच हाय."

माझे हात सुटले होते हे मला तेव्हा लक्षात आलं.

त्यांनी खिशातली बॅटरी माझ्या पायावरून पुढे सरकवली. मागे तोंड करून ओरडले, "सिद्राम! वर जा. अठ्ठाविसावी, सहावीपासनं सोड."

उरलेल्या पंचवीस नळ्या आम्ही तशाच केल्या. त्यांनी माझा घोटा शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांनी माझ्यासाठी धरला होता की स्वतःसाठी, ते मी विचारलं नाही. सगळे गोळे आले. फक्त त्या एका नळीत आता दोन होते. दुपारपर्यंत सळई घालून ती मोकळी केली तेव्हा दोन्ही गोळ्यांच्या खालून अंगठ्याएवढी क्षाराची खपली निघाली.

चार वाजता देवस्थळी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

ते खूश होते. त्यांच्यापर्यंत गोष्ट कशी पोचली होती ते त्यांच्या पहिल्याच वाक्यात कळलं. "बसा, वाघचौरे. मगदूम, तुम्ही उभे राहा. या मुलीने आज सकाळी पुन्हा तपासायला लावलं नसतं तर काय झालं असतं, कल्पना आहे तुम्हाला? तीनशे नळ्या मोकळ्या म्हणून सही तुमची आहे." त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मेमो होता. "निष्काळजीपणा. सेवापुस्तकात नोंद होईल. आणि वाघचौरे, शेवटचं वर्ष संपलं की तुम्ही सरळ इथे यायचं. जनरल मॅनेजरांशी बोललोय मी. या कारखान्यातली पहिली महिला इंजिनिअर."

मिस्त्री समोर भिंतीकडे बघत होते. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि मेमो जवळ ओढला.

"सर, तसं झालं नाही," मी म्हटलं. "काल मी शेवटच्या सहा ओळी बघितल्याच नाहीत. घाबरून तोंडाशी आले होते. एक गोळा कमी होता तरी साठ आहेत असं यांना खोटं सांगितलं. चूक माझी आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. "हे बघा, तुम्हाला मगदूमांबद्दल वाईट वाटतंय, ते मला कळतं. वडीलधारे आहेत. पण कारखान्यात असा भिडस्तपणा चालत नाही. तुम्ही काल आत होतात. डझनभर माणसांनी पाहिलंय."

"मी आत नव्हते, सर."

"पुरे आता."

"खरं सांगतीया ती," मिस्त्री म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही वर होतात."

"काल वर हुतो. आज ती आत आखडली. मी खाली गेलो, तवा कळलं. भ्यालेलं माणूस मला कळतंय."

"खाली गेलात? खालच्या ड्रममध्ये?" साहेबांची नजर त्यांच्या पोटावर गेली. "तुम्ही तर मावत नाही."

मिस्त्रींनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या मिशीखालचे ओठ दोनदा हलले आणि मग शब्द आले.

"मावतो, साहेब."

"कधीपासून?"

"पयल्यापासनं."

देवस्थळी साहेब उठून खिडकीपाशी गेले. मला वाटलं ते ओरडतील. ते वळले तेव्हा थकल्यासारखे दिसत होते. त्यांनी जनरल मॅनेजरांपुढे माझ्यासाठी शब्द टाकला होता आणि तीन वर्षं मिस्त्रींच्या शब्दावर कंत्राटी पोरं आत पाठवली होती.

"वाघचौरे, उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले. "कॉलेजला मी वाईट काही लिहिणार नाही. चांगलंही लिहिता येणार नाही."

मेमोचा कागद त्यांनी फाडला आणि दुसरा टाइप करायला सांगितलं. तो मला दाखवला नाही. मिस्त्रींना वर्षभरासाठी पाण्याच्या प्लांटवर टाकलं, हे मला नंतर कळलं.

गेटवरच्या वहीत मी जाण्याची वेळ लिहीत होते, तेव्हा मिस्त्री मागून आले. सायकल हातात होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"नळी फुटली न्हाई," ते म्हणाले. "तेवढं बास झालं." जरा थांबले. "घरी काय सांगणार?"

"माहीत नाही."

"मलाबी न्हाई," ते म्हणाले आणि सायकलवर बसून गेले.

मी घरी खरं सांगितलं नाही. ट्रेनिंग लवकर संपलं म्हणाले. कॉलेजने ते धरलं नाही. डिसेंबरच्या सुट्टीत ऑइल इंजिनाच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी पुन्हा सहा आठवडे काढले. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, बदल्या झाल्या. नातेवाइकांत अजूनही माझी ओळख बॉयलरमध्ये शिरलेली मुलगी अशीच आहे आणि मी ती कधी दुरुस्त केली नाही.

कारखाना सोडल्याच्या पुढच्या वर्षी, ऑगस्टमध्ये, हॉस्टेलवर एक पोस्टकार्ड आलं होतं. पत्ता गेटच्या वहीतून घेतलेला असणार, कारण त्यात माझं नाव आणि रोल नंबर दोन्ही होतं. अक्षर एकेक गिरवलेलं.

'सौभाग्यकांक्षिणी हर्षदा हिस आण्णाप्पा मगदूम याचा आशीर्वाद. मला परत बॉयलरवर घेतले आहे. या साली खालच्या ड्रममध्ये मीच गेलो. जाण्याआधी सर्वांसमक्ष सांगितले की मला आत भय वाटते, तरी कोणी तोंडापासून हलू नये. सिद्राम माझ्या पायाला बांधलेली दोरी धरून बसला. तीनशे नळ्या स्वतः पाहिल्या, गोळे दोनदा मोजले. मध्ये एकदा बाहेर येऊन चहा घेतला. कोणी हसले नाही. एक जण हसला, पण तो नवीन आहे.'